शब्दकोशात चुकलेली हुरहूर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. एका जागी वीस-बावीस वर्षं बसलं, की ते आपोआप साचतात. मी नागपूरला महालातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव, दुकानाच्या जाहिरातीत 'ताजे'च्या जागी 'ताजे नाही', असले किस्से मित्रांत बसलो की मी सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. त्या सगळ्यांत चूक दुसऱ्याची असते, म्हणून सांगायला सोपं जातं.

एका शब्दाचे किस्से मात्र मी आजवर टाळत आलो. शब्द साधा आहे, 'हुरहूर'. त्यांतही हसण्यासारखं बरंच आहे, पण सांगता सांगता माझीच मान खाली जाते. आता नोकरी संपूनही बरीच वर्षं झाली. म्हटलं, सांगून टाकू.

* * *

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी मराठीत एम.ए. झालो होतो, आणि ते कोणाला विसरू देत नसे. मालक बापूसाहेब मला 'देशकर' म्हणायचे. बाकी सगळे 'साहेब' म्हणायचे, अगदी हेड कंपोझिटर मेश्रामसुद्धा. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. मी त्यांना नुसतं 'मेश्राम' म्हणायचो.

एका सरकारी ऑफिसातले बडेबाबू निवृत्त होत होते. त्यांच्यासाठी मानपत्र छापायला आलं. लिहिणाऱ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यात एक वाक्य होतं, 'आपल्या निवृत्तीच्या वार्तेने आम्हां सर्वांना हुरहूर लागली आहे.' मेश्रामांनी ते बरोबर वाचलं आणि शिशाचे खिळे बरोबर जुळवले. प्रूफ माझ्याकडे आलं. मी मूळ कागद डोळ्यांजवळ नेला आणि मला तिथे 'हुरूप' दिसला. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? हुरूप लागत नाही, हुरूप येतो, हे मला माहीत. म्हणून मी 'लागली आहे' हेही खोडलं आणि वर ठसठशीत लिहिलं, 'आला आहे'.

मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून गेलं. मला समारंभाचं बोलावणं होतं. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. वाचणाऱ्याने खड्या आवाजात वाचलं, "आपल्या निवृत्तीच्या वार्तेने आम्हां सर्वांना हुरूप आला आहे." मागे चपराशी लोक उभे होते. त्यांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या त्या दुपारच्या सगळ्यात मोठ्या.

बडेबाबू शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा लावून ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला. वाचणारा घामाघूम होऊन माफी मागू लागला, दुसरं छापून आणतो म्हणाला. बडेबाबू म्हणाले, "राहू द्या. खरं तेच छापलंय."

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, चूक कोणाची. मी म्हणालो, "कंपोझिंगची."

माझ्या हाताने दुरुस्त केलेलं प्रूफ मेश्रामांच्या मागेच भिंतीतल्या खिळ्याला टांगलेलं होतं. त्यांनी नुसता हात मागे नेला असता तरी पुरे होतं. त्यांनी नेला नाही. बापूसाहेब दहा मिनिटं बोलले, मेश्राम खाली बघून ऐकत राहिले. संध्याकाळी मी तो खिळा पाहिला तर प्रूफ तिथे नव्हतं. त्यांनी त्याचं काय केलं, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

* * *

त्या प्रकारानंतर प्रेसमध्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. चहा उशिरा आला की 'चहाची हुरहूर लागली', असं. मी प्रत्येकाला दुरुस्त करत असे.

त्याच सुमारास माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी, अकोल्याला गेली होती. मी तिला चार पानी पत्र लिहिलं. त्यात हा शब्द सहा वेळा आला होता. सकाळची हुरहूर, तिन्हीसांजेची हुरहूर, रिकाम्या घराची हुरहूर. पत्र टाकायच्या आधी ते मी प्रेसमध्ये मोठ्याने वाचूनही दाखवलं, म्हणजे लोकांना शब्दाचा योग्य वापर कळावा.

तिचं उत्तर प्रेसच्या पत्त्यावर आलं, पोस्टकार्डावर. माझ्या हाती पडेपर्यंत ते सगळ्यांनी वाचलं होतं. वर तारीख, खाली सही, आणि मध्ये एकच ओळ होती : 'साखर वरच्या फळीवर, डाव्या हाताला आहे.'

मला राग आला. मग आठवलं, पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून मी खरंच साखरेचं विचारलं होतं. तिच्या तब्येतीचं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

* * *

आमचे मशीनमन रहमानभाई कामठीहून रोज बसने यायचे. जुनं छपाई मशीन त्यांनी अठरा वर्षं चालवलं. ते काढून बापूसाहेबांनी नवीन घेतलं, आणि जुनं इतवारीतल्या भंगारवाल्याने उचललं. नवीन मशीन भराभर छापायचं. सगळे खूश होते. रहमानभाई दर तासाला मशीन थांबवून कान देऊन उभे राहायचे.

एकदा मला म्हणाले, "साब, वो आपका लफ्ज क्या था? मेरेकू वो लगी."

मी त्यांना समजावलं, की यंत्राची हुरहूर लागत नसते. माणसाची लागते, फार तर गावाची. यंत्राची फक्त सवय मोडते. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

पुढच्या आठवड्यात ते एक दिवस न सांगता गैरहजर राहिले. असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले तर दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. बापूसाहेबांनी विचारलं, कुठे होता. म्हणाले, "मय्यत में गया था."

मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड शक्य तेवढं दुःखी करून विचारलं, की कोण गेलं.

"पुरानीवाली," ते म्हणाले. "कल उसको काट रहे थे. कोई तो होना था ना साब वहाँ."

मी हसलो. पहिला मीच हसलो, म्हणून बाकीचेही हसले. रहमानभाई नवीन मशीनला तेल घालायला गेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी उठून त्यांच्याजवळ गेलो नाही.

* * *

बाइंडिंगमध्ये गिरजाबाई छापलेले कागद घडी करायच्या. त्यांची एकुलती मुलगी सुमन भिलाईला दिली होती. दिवाळीनंतर एकदा त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, पोरीला चिठ्ठी लिहून द्या. मी अंतर्देशीय पत्र काढलं. त्या सांगत गेल्या.

"लिवा, पोरी, मले करमून नाही राहिलं. भाजी केली तं तुह्या हाताचीच आठवते. अजून काई नाही."

मला वाटलं, हे असं कसं पाठवायचं. मी लिहिलं : 'तुझ्या आईस तुझी तीव्र हुरहूर लागली असून, अन्नावरील वासना उडाली आहे.' वाचून दाखवलं तेव्हा गिरजाबाई गोंधळल्या, पण साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी प्रेसच्या दारात सुमन उभी. मागे जावई, डोक्यावर वळकटी, हातात काढ्याची बाटली. भिलाईत शेजारच्या माणसाने पत्र वाचून दिलं होतं. हुरहूर हा कोणता आजार हे तिथे कोणालाच सांगता येईना, पण तीव्र आहे आणि अन्न सुटलंय एवढं कळलं होतं. सुमनला सातवा महिना होता. गाडीत बसायला जागा नव्हती, गोंदियापर्यंत ती उभी राहून आली होती.

मायलेकी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. जावई माझ्याकडे आला. नवी नोकरी होती त्याची, रजा मिळत नव्हती, तरी निघून आला होता. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, आई जे बोलल्या तेच लिहाचं होतं."

मला तोंड वर करता येईना. गिरजाबाईंना मात्र माझा काही राग नव्हता. मुलगी आठ दिवस राहून गेली. तिला स्टेशनवर पोचवून त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, पुढच्या दिवाळीतबी हाच शब्द लिवजा."

* * *

मग शब्दकोशाचं काम आलं. शाळेतल्या मुलांसाठी लहान कोश. ज्यांचं नाव मुखपृष्ठावर जायचं होतं, त्या प्राध्यापकांनी शब्दांची यादी दिली आणि अर्धे अर्थ दिलेच नाहीत. बापूसाहेब म्हणाले, "देशकर, तुम्ही एम.ए. आहात, भरून टाका." मी एका दुपारी दोनशे शब्द भरले. 'हुरहूर'पुढे लिहिलं : 'काळजी, चिंता.' पान तोंडात टाकायला लागतो तेवढा वेळही त्यावर घालवला नाही.

मेश्राम तो कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, हे काही हुरहूर नाही."

सगळे ऐकत होते. बाइंडिंगच्या बाया, रहमानभाई, दोन कंपोझिटर. मी म्हणालो, "हा शब्द तुमच्याकडे आहे तरी का?"

'तुमच्याकडे' म्हणजे कोणाकडे, हे मी उच्चारलं नाही. मेश्रामांचं घर उमरेडचं, विणकराचं. छप्पन साली सगळ्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली होती. हे प्रेसमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि मी काय म्हणालो तेही सगळ्यांना कळलं.

मेश्राम नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बोलत नाही साहेब आमच्याकडे. पण होते."

तिथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही खिळे जुळवा. अर्थाचं आम्ही बघू." आणि त्यांनी खिळे जुळवले. एकही चूक न करता, माझा अर्थ जसाच्या तसा.

* * *

कोश चांगला खपला. नागपुरातल्या बऱ्याच शाळांत गेला.

वर्षभराने बाइंडिंगच्या टेबलावर एक वही पडलेली दिसली. मेश्रामांनी आपल्या मुलीची, विद्याची वही कव्हर घालायला आणली होती. मला सवयच होती, छापलेलं असो की लिहिलेलं, दिसलं की उघडायचं. आत 'वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न होता. विद्याने लिहिलं होतं :

'हुरहूर : आमचा हातमाग विकून टाकला, पण उमरेडचे आजोबा खाटेवर बसले की त्यांचे पाय खालीवर होतात, त्यांना हुरहूर लागली आहे.'

त्यावर लाल शाईची आडवी रेघ. बाजूला गुरुजींनी लिहिलं होतं : 'चूक. हुरहूर म्हणजे काळजी. शब्दकोश पाहा.'

मी ते वाक्य तीन-चार वेळा वाचलं. एम.ए.च्या दोन वर्षांत मला असं एक वाक्य लिहिता आलं नव्हतं. आणि ते माझ्याच दोन शब्दांनी खोडलं गेलं होतं. वहीला मी स्वतः कव्हर घातलं आणि जिथे होती तिथे ठेवली. मेश्राम ती घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी विद्याच्या शाळेत गेलो. मराठीच्या गुरुजींना भेटलो आणि सांगितलं, मुलीचं वाक्य बरोबर आहे, चूक कोशात आहे. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कपाटातून कोश काढला, पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "हे बघा, छापलेलं आहे."

मी म्हणालो, की ते मीच लिहिलंय.

त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमचं नाव तर कुठेच नाही," ते म्हणाले. "ज्यांनी लिहिलंय ते येऊन सांगतील, तर मी मार्क देईन."

प्राध्यापकांच्या घरी धंतोलीला गेलो. त्यांनी चहा दिला. तो शब्द कोशात आहे हेच त्यांना आठवत नव्हतं. विद्याला ते मार्क मिळाले नाहीत.

* * *

दुसऱ्या आवृत्तीत त्या शब्दापुढचं 'काळजी, चिंता' आम्ही काढलं, एवढं सांगतो. ते काढायच्या आधी काय झालं, तो शेवटचा किस्सा.

आवृत्ती निघायची ठरली तेव्हा मी मेश्रामांच्या केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी गेलो. त्यांच्या जागी मी कधी गेलो नव्हतो, तेच माझ्या टेबलाशी यायचे. म्हणालो, 'हुरहूर'पुढे काय लिहू, तुम्ही सांगा. ते खिळे जुळवत राहिले. मग म्हणाले, "मले नाही सांगता येत. माह्या बाबाले विचारा. उद्या मी उमरेडले चाललो, चाला."

रविवारी सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो. शेजारी शेजारी बसलो होतो. शहर मागे पडलं तसं मी सगळं धैर्य गोळा करून बोलायला लागलो. म्हणालो, मेश्रामजी, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला जे बोललो, ते मी बोलायला नको होतं. 'जी' मी पहिल्यांदाच लावलं होतं, ते माझं मलाच ऐकू आलं.

समोरून कोळशाचा ट्रक येत होता. "खिडकी लावून घ्या साहेब," ते म्हणाले, "धूळ येते." मी खिडकी लावली.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, स्वच्छ. ओसरीत खाट, खाटेवर म्हातारबाबा. डोळ्यांनी फार कमी दिसत होतं. समोरच्या जमिनीत एक चौकोन वेगळ्या रंगाचा होता. माग होता तेव्हा पाय सोडून, आळीपाळीने पट्ट्या दाबत बसायचा खड्डा तिथे होता. तो बुजवून वर सारवलं होतं, तरी कडा दिसत होत्या.

"कोन हाये गा महादेवा?" म्हाताऱ्याने विचारलं. मेश्रामांनी सांगितलं, आमच्या प्रेसमधले साहेब, मोठे शिकलेले, तुम्हाला काही विचारायला आले. धाकट्या सुनेने चहा आणला. म्हातारबाबा खाटेच्या कडेला सरकून बसले, पाय खाली सोडले. थोड्या वेळाने पाय हलायला लागले. आधी डावा दबायचा, मग उजवा. तिथे काहीच नव्हतं. घरातलं कोणी तिकडे बघत नव्हतं.

मी वही-पेन्सिल काढली होती. ती उघडायची मला लाज वाटली, मांडीखाली सारली. मग विचारलं, बाबा, असं बसल्यावर तुम्हाला काय होतं?

पाय चालूच होते.

"काई नाही होत," ते म्हणाले. "तेच तं होऊन राहिलं."

मग त्यांनीच मला विचारलं, घरी कोण कोण आहे, आई आहे का, तिला भेटता का. आई माझ्या भावाकडे, चंद्रपूरला होती. मी म्हणालो, भेटतो. खरं तर दोन वर्षं झाली होती.

बसची वेळ झाली. मी उठून वाकलो, त्यांच्या पायांना हात लावला. पाय तेव्हा थांबले. म्हातारबाबांनी चाचपडत माझा हात शोधला. हात नाही, बाही सापडली. बाहीचं कापड त्यांनी अंगठा आणि दोन बोटांत धरलं, उलटसुलट चोळून पाहिलं, एकदा, दोनदा. मेश्राम दारात चपला घालून उभे होते.

"मिलचं हाये," म्हातारबाबा म्हणाले, आणि बाही सोडून दिली.